डब्बी कोणाच्या हाती

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. ग्रीस जसं कुठं ना कुठं कपड्याला लागूनच घरी येतं, तसे तेही येतात. एक सांगायला बसावं तर त्याच्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. मित्र म्हणतात, गजानन, तुझ्या किश्श्यांत मशीन कमी आणि सुजाता जास्त. खरं आहे. लपवायचं काय त्यात? मी तिच्यावर जळतो. चांगला पोटात दुखेपर्यंत जळतो. हे एकदा कबूल केलं की पुढचं सांगायला मोकळं वाटतं.

आधी आमचं काम सांगतो. वाशीमच्या बायपासला आमच्या सेठचं यार्ड आहे. तिथून सात बूम लिफ्ट भाड्याने जातात. बूम लिफ्ट म्हणजे चार चाकांवरचा लांबलचक लोखंडी हात. हाताच्या टोकाला बास्केट, बास्केटमध्ये माणूस. तो पायाखालचं पेडल दाबून समोरची दांडी हलवतो आणि साठ फुटांवर जाऊन पत्रे बसवतो, दिवे लावतो, रंग देतो. हे मशीन रुसलं की जागचं हलत नाही, पण का रुसलं ते आकड्यात सांगतं. कधी पडद्यावर आकडा येतो, कधी नुसता दिवा लुकलुकतो. त्याला म्हणायचं फॉल्ट कोड. कोड म्हणतो, 'पेडल'. आता पेडल बिघडलं, की वायर तुटली, की वर उभा असलेला माणूसच बिघडला, ते शोधायला आम्ही.

आम्ही म्हणजे दोघं. एक मी. आधी मोटर वाइंडिंगच्या दुकानात होतो, मग चौदा वर्षं याच यार्डात. दुसरी सुजाता खिल्लारे, आसेगावची. आयटीआय करून सहा वर्षं पुण्याच्या कारखान्यात पॅनल जोडले, मग आईचं दुखणं निघालं म्हणून गावाकडे परत आली. रोज स्कूटीवरून येते. तिला येऊन तीन वर्षं झाली. मला दादा म्हणते. त्याचाही मला त्रास होतो.

*

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा एक मशीन दोन दिवसांपासून मढ्यासारखं पडलं होतं. मी खालच्या कंट्रोलची सगळी पेटी उघडली होती. वायरी बाहेर लोंबत होत्या, माझ्या तोंडात टेस्टर, हातात मल्टिमीटर, कपाळावर घाम. सेठ तिला घेऊन आले आणि म्हणाले की ही आपली नवीन इलेक्ट्रिशियन. मी मोठ्या मनाने सांगितलं की बाई, बाजूला बस, बघ, हळूहळू येईल.

ती बसली नाही. मशीनला एक चक्कर मारली आणि माझ्या डोक्याजवळ येऊन थांबली.

"दादा, हे लाल बटन कायले दाबून ठेवलं जी?"

लाल बटण म्हणजे इमर्जन्सी स्टॉप. ते दाबलं की सगळं बंद, फिरवून बाहेर काढलं की सगळं चालू. मूळ बिघाड होता एक साधा फ्यूज, तो मी पहिल्याच सकाळी बदलला होता. पण पेटी उघडण्याआधी सेफ्टी म्हणून ते बटण मीच दाबलं होतं! तिने ते फिरवलं. मशीन पीं करून जागं झालं.

सेठनी चहा मागवला आणि पहिला कप तिला दिला. मी दोन दिवसांच्या वायरी परत पेटीत कोंबत बसलो, त्याला संध्याकाळ झाली.

*

आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर रज्जाकभाई. मंगरूळपीरचे. हात असा की साठ फुटांवरून पत्र्याला ओरखडा न पाडता बास्केट टेकवतील. फक्त मोजण्यात घाई फार.

जुन्या मशीनवर पडदा नाही, नुसता दिवा आहे. तो आधी दहमचा आकडा लुकलुकतो, मग थांबतो, मग एकमचा. एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या साइटवरून रज्जाकभाईंचा फोन आला की मशीन बंद पडलं आणि दिवा सात वेळा लुकलुकतोय. माझ्या वहीत सातचा कोडच नव्हता. सुजाता शेजारी उभी होती, म्हणून 'वहीत नाही' असं म्हणायची माझी तयारी नव्हती. मी गंभीर चेहरा करून सांगितलं की सात म्हणजे मेन कंट्रोलर गेला. आणि दुसऱ्या मशीनचा चांगला चालू कंट्रोलर काढून, खोक्यात भरून, मोटरसायकलला बांधायला लागलो.

मी दोरीची गाठ मारत होतो तेवढ्यात तिने माझा फोन उचलला आणि रज्जाकभाईंना एवढंच विचारलं, "भाई, दिवा मधात थांबला होता काय?"

"हौ बेटी. चार के बाद उसने सांस लिया. फिर तीन."

चार आणि तीन. त्रेचाळीस! रज्जाकभाईंनी बेरीज केली होती. आमच्या तक्त्यात त्रेचाळीस म्हणजे इंजिन तापलंय. मशीन सोयाबीनच्या गोदामाशी उभं होतं, रेडिएटरच्या जाळीवर भुसा चिकटला होता. तिने फोनवरच सांगितलं, भाईंनी टोपीने भुसा झाडला, मशीन चालू झालं.

मी दोरी सोडली. तेव्हापासून यार्डात कुणी काही लांबण लावून सांगायला लागलं की दुसरा विचारतो, 'मधात सांस घेतला काय?' सगळे हसतात. मीही हसतो, पण मला माहीत आहे की ते कंट्रोलरच्या खोक्याला हसतात.

*

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास डब्बी आली. आणि माझं जे काही व्हायचं ते त्या डब्बीने झालं.

डब्बी म्हणजे मोबाइलएवढं यंत्र, त्याला एक वायर. वायर मशीनला जोडली की काय बिघडलं ते डब्बी सरळ शब्दांत लिहून दाखवते, नुसते आकडे नाहीत. वर जुने फॉल्टही सांगते, आधी काय झालं, मग काय झालं. सेठनी एकच आणली. ज्याच्या खिशात डब्बी तो यार्डाचा मुख्य मेकॅनिक, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. सेठनी जाहीर केलं की सध्या कपाटात ठेवा, दोघंही वापरा. चैतात पोहरादेवीच्या यात्रेचं दिव्यांचं मोठं काम आहे, त्या कामात पाहतो आणि कायमची कोणाकडे ठेवायची ते ठरवतो.

मला ती डब्बी हवी होती. लहान पोराला जत्रेतलं खेळणं हवं असतं तशी हवी होती. चौदा वर्षं ज्या यार्डात 'गजाननला विचारा' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकलं, तिथे आता लोक मला ओलांडून तिच्याकडे जात होते. मी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून डब्बीची बटणं दाबत बसायला लागलो. इंग्रजी मला अडत नाही, पण त्यातलं इंग्रजी वेगळंच होतं. चौथ्या दिवशी कसलंसं 'येस' दाबलं आणि एका मशीनच्या सगळ्या जुन्या फॉल्टांची यादी पुसली गेली.

नेमकी तीच यादी सुजाताला हवी होती, कारण त्या मशीनचा बिघाड आठवडाभर येऊन जाऊन होता. ती डब्बी जोडून पाहतच राहिली. सेठनी विचारलं काय झालं. मी म्हणालो, "साहेब, याले आता काईच आठवत नाही."

*

तो येऊन जाऊन बिघाडही ऐकण्यासारखा आहे. रज्जाकभाईंचंच मशीन. वाशीमलाच एका हॉलचे पत्रे बसवत होते. मशीन सकाळी मस्त चालायचं आणि रोज दुपारी दोनच्या सुमारास बंद. कोड एकच, पायाचं पेडल. मी पेडल बदललं. परत तेच. मी नवं पेडल काढून दुसरं नवं पेडल लावलं. परत तेच! मग मी साइटवर सांगून टाकलं की दुपारच्या उन्हाने आतलं रबर फुगतं. लोकांनी मान डोलावली. माझंही मला पटलं होतं.

सुजाता गेली तेव्हा तिने ना टेस्टर काढला ना डब्बी जोडली. आपला डबा घेऊन गेली आणि रज्जाकभाईंसोबत जेवायला बसली. जेवण झाल्यावर ते बास्केटमध्ये चढले तशी ही खाली उभी राहून पाहत राहिली.

रज्जाकभाईंची सवय अशी की जेवल्यावर वर जायचं, कठड्याला टेकायचं, आणि खालून पत्रा येईपर्यंत आरामात पाय ठेवायचा. पाय ठेवायचा तो पेडलवर. पेडलचा नियम असा की दाबून काही सेकंदांत दांडी हलवली नाही तर मशीनला वाटतं, वरचा माणूस शुद्धीवर नाही. ते सगळं बंद करतं. सकाळी भाई घाईत असायचे, पाय ठेवला की काम सुरू. दुपारी पोट भरलेलं.

ती खालून म्हणाली, "भाई, जेवल्यावर पाय खाली ठेवत जा." झालं. मशीन त्यानंतर एकदाही दुपारी बंद पडलं नाही. जुनंच पेडल परत बसवलं; माझी दोन नवी पेडलं अजून यार्डातल्या फळीवर आहेत. तिने ती पुसून, नीट वायर गुंडाळून ठेवली, समोरच. ती मुद्दाम समोर ठेवली असं मी आठ दिवस घरी सांगत होतो.

*

आता म्हणाल, याचा एकही दिवस नाही का? आहे. एक आहे आणि तो मी कुणाला विसरू देत नाही.

रिसोडच्या एका दालमिलवर मशीन अडलं. डब्बी दर वेळी वेगळंच काही सांगे. एकदा म्हणे वरचा सेन्सर, एकदा म्हणे व्हॉल्व्ह, एकदा म्हणे बॅटरी कमी. सुजाता तीन तास एकेका गोष्टीच्या मागे फिरली. तिचा चेहरा उतरला. मी डाळीच्या पोत्यावर बसून ते पाहत होतो. मला दया यायला हवी होती. मला भूक लागली, एवढं बरं वाटत होतं.

मग मी उठलो आणि रिले, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या खटक्या, असतात त्या पेटीला कान लावला. तिला म्हणालो, चावी फिरव. आत रिले टक वाजायला हवा. तो वाजला, पण दमेकऱ्यासारखा, टकटकटक. म्हणजे वीज पोहोचते आहे, पण पुरती नाही. गेल्याच महिन्यात सेठनी मशीनला झकास पिवळा रंग मारून घेतला होता. मी अर्थिंगचा बोल्ट खोलला. रंगाऱ्याने बोल्ट काढून खालीसुद्धा प्रेमाने रंग दिला होता! रंगातून वीज कशी जाणार? ब्लेडने रंग खरवडला, बोल्ट आवळला, आणि सगळे कोड एकदम गेले.

परत येताना मी गाडीत काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. पण यार्डात पोहोचताच तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं, सेठला सांगितलं, रज्जाकभाईंना फोन करून सांगितलं की डब्बीले जे नाही समजलं थे दादाच्या कानाले समजलं. माझा किस्सा माझ्याआधी तिनेच सगळीकडे पोहोचवला. मला सांगायला कुणी उरलं नाही.

वरून ती म्हणाली की दादा, मले बी शिकवा. मी म्हणालो की कान उपजत असावा लागतो, शिकवून येत नाही. ती बरं म्हणाली. आणि महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत एकेका मशीनला चावी मारून पेटीला कान लावून बसली. महिन्याने तिने यार्डाच्या फाटकात स्कूटी लावता लावताच मला सांगितलं की तीन नंबरच्या मशीनचा रिले थकला. मी जवळ जाऊन कान लावला. थकला होता.

*

घरी तरी सुख असावं की नाही? आमच्या घरचा मिक्सर आठ महिन्यांपासून बंद होता. मी शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, दर रविवारी सांगत होतो की वाइंडिंग जळलं असणार, खोलून बघतो. ती बिचारी शेजारच्यांकडे चटणी वाटायला जात होती.

एका रविवारी सुजाता आईच्या औषधासाठी वाशीमला आली होती. शोभानेच तिला आग्रहाने जेवायला बोलावलं. दोघींची स्वयंपाकघरात कुजबूज चालली होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. एकदम आतून घर्रर्र आवाज आला. मला वाटलं शेजाऱ्यांचा मिक्सर. पण शेजारी गावाला गेले होते.

आत गेलो तर मिक्सर सुरू. सुजाताने तो फक्त उलटा केला होता. बुडाला एक छोटं लाल बटण असतं, जास्त लोड आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद होतो. तिने ते बोटाने आत दाबलं. बस.

शोभा माझ्याकडे वळली. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, "साठ फुटाची मशीन तुमी दुरुस्त करून राह्यले. हे येवढंसं उलटं करून नाही पाह्यलं काहो?"

जेवण चांगलं झालं होतं म्हणतात. ताजी चटणी होती. मला चव लागली नाही.

*

दसऱ्याला आमच्या यार्डात हत्यारांची पूजा असते. पाटावर स्पॅनर, टेस्टर, पकडी मांडतात. सगळ्यात पुढे माझा मल्टिमीटर असतो आणि नारळ मी फोडतो. हे बारा वर्षांचं चालत आलेलं. त्या दिवशी सुजाता नसते. तिचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, ती पांढरी साडी नेसून घरच्यांसोबत कार्यक्रमाला जाते. मी मनात म्हटलं, चला, आज तरी मैदान आपलं.

सकाळी अंघोळ करून, नवा शर्ट घालून, मल्टिमीटर कापसाने पुसून घेऊन गेलो. पाहतो तर पाटाच्या मधोमध, झेंडूचा हार घालून, डब्बी! सेठनी स्वतः मांडली होती. माझा मल्टिमीटर ठेवायला जागा राहिली ती ग्रीसगनच्या पलीकडे. ती बाई हजर नसतानाही माझ्या पुढे बसली होती.

नारळ मात्र मीच फोडला. इतक्या जोरात फोडला की पाणी सेठच्या पँटवर उडालं.

*

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

यात्रेच्या पाच दिवस आधी आम्ही पोहरादेवीला मशीन नेलं. उंच खांबांवर दिवे चढवायचे होते. दिवेवाले तयार बसले होते, गर्दी जमायला लागली होती. सेठ अकरा वाजता येणार होते आणि आल्यावर त्यांच्यासमोर सुजाताने मशीनचं चेकिंग करायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं. सुजाताने. मी चौदा वर्षांचा माणूस, मी बाजूला उभं राहायचं. डब्बीचं काय होणार ते मला त्याच वेळी कळलं.

साडेदहाला मशीन ट्रकवरून उतरलं. सुजाता जमीन सपाट आहे का ते पाहायला पुढे गेली. रज्जाकभाई चहा प्यायला गेले. मशीनजवळ मी एकटा. तळहातावर तंबाखू-चुना नुकताच मळून झाला होता. तो तोंडात टाकला आणि मी बाजूचं झाकण उघडलं. आत काळा प्लग असतो. खालच्या वायरी त्याच्यातून वरच्या बास्केटला जातात. त्याला लॉक असतं, अंगठ्याने दाबल्याशिवाय तो सुटत नाही. मी तो दाबला आणि प्लग अर्धा बाहेर ओढला. पाहणाऱ्याला बसलेला वाटेल इतकाच. झाकण लावलं.

बास्केट जमिनीवर होती, आत कुणी नव्हतं, धोका कुणालाच नव्हता. हे मी तेव्हाही मनात म्हटलं आणि आताही म्हणतो. मला फक्त एवढंच हवं होतं की ती अर्धा तास शोधेल, तिला सापडणार नाही, सेठ वैतागतील आणि म्हणतील की गजानन, तू पाहा. मग मी कान लावणार होतो. कुठं लावायचा तेही ठरवून ठेवलं होतं.

आणि तसंच झालं, अगदी तसंच. सेठ आले. तिने चावी फिरवली. डब्बीवर आलं की बास्केटशी बोलणं तुटलंय. ती वरच्या पेटीकडे गेली, ती खोलली, प्रत्येक वायर पाहिली. सगळं चांगलं. डब्बी परत जोडली. परत तेच. दिवेवाले घड्याळ पाहायला लागले. बघ्यांतला एक जण म्हणाला की बाईमाणसाकडे कायले दिलं हे काम. ते ऐकून मला जे वाटलं ते चांगलं वाटणं होतं, हे मी इथं लिहून ठेवतो.

तिचे कान लाल झाले होते. ओठ घट्ट मिटलेले. तिने माझ्याकडे मदतीसाठी एकदा पाहिलं आणि मी दिव्यांच्या खांबाकडे पाहिलं.

शेवटी सेठ म्हणाले, गजानन, तू पाहा. मी सावकाश पुढे झालो. झाकणाला कान लावला, डोळे मिटले, गर्दी गप्प झाली. मी मान हलवली आणि झाकणाच्या खिटीला हात घालणार, तेवढ्यात ती शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "दादा, मले उघडू द्या."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? मी सरकलो. तिने झाकण उघडलं. प्लग तिला लगेच दिसला. ती तो ढकलणार होती, पण थांबली. वाकून पाहिलं. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. काळ्या प्लगवर, लॉकच्या जागी, पांढरा चुन्याचा अंगठा उठला होता. पूर्ण, रेघा मोजाव्यात इतका स्पष्ट.

मी हात खिशात घातला. तिने खिशाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तोंडात तंबाखू होताच.

सेठ दोन पावलांवर होते. तिने एक शब्द काढला असता तर डब्बी सोडा, चौदा वर्षं तिथंच संपली असती, आणि शोभाला मी काय सांगणार होतो?

तिने ओढणीचं टोक घेतलं आणि तो अंगठा पुसला. एकदा, मग परत एकदा, कोपऱ्यातलासुद्धा. मग प्लग आत दाबला. टक. मशीन पीं करून उठलं. रज्जाकभाईंनी बास्केट वर नेली, खाली आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सेठ खूश झाले. तिथंच सगळ्यांच्या देखत म्हणाले की आजपासून डब्बी सुजाताकडेच राहील. तिने मान हलवली आणि डब्बीची वायर गुंडाळायला लागली. मग सेठला आठवलं की बिघाड नेमका काय होता ते विचारायचं राहिलंच.

"उंदीर होता साहेब," ती म्हणाली.

सेठनी विचारलं की मोठा होता काय.

"मोठा नाही जी. जुना होता."

सेठ चिडले. मशीनमध्ये उंदीर म्हणजे उद्या वायरी खाईल, परवा कुणाला तरी पाडेल. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "गजानन, आजच यार्डात औषध टाक."

मी तंबाखू एका गालात सरकवला आणि हो म्हणायला तोंड उघडलं. सुजाता वायर गुंडाळत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. "घरचाच हाय."